मका नेमका किती जुना? गुहेतलं कणीस, पाट्यावरची धूळ आणि माणसांची हाडं

खापरखुणा

उपवासाच्या पदार्थांच्या धाग्यावर परवा राजगिऱ्यावरून गाडी मक्यावर घसरली आणि दोन आकड्यांवरून जुंपली. एकीनं लिहिलं, मक्याची शेती नऊ हजार वर्षांची. दुसऱ्यानं ठणकावलं, सर्वांत जुनं कणीसच सव्वासहा हजार वर्षांचं आहे, उगाच फेकू नका. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. तिथं अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी कणसाचं. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात गिला नाकित्झ नावाची लहानशी कपार आहे. केंट फ्लॅनरी यांनी ती १९६६ मध्ये खणली. हवा इतकी कोरडी की बिया, सालपटं, देठ असलं नाशवंत सामानही टिकून राहिलं. त्यात मक्याची तीन कणसं होती, दाणे नसलेली. आपल्या करंगळीशेजारी ठेवली तर करंगळीच मोठी वाटेल अशी. दोन कणसांवर दाण्यांच्या दोन-दोन ओळी, तिसऱ्यावर चार. डोलोरेस पिपर्नो आणि फ्लॅनरी यांनी २००१ मध्ये त्यांचा कार्बन-१४ काळ (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेलं वय) जाहीर केला : सुमारे ६,२५० वर्षं.

आता गंमत बघा. मक्याचा रानटी पूर्वज म्हणजे टेओसिंटे नावाचं गवत. त्याच्या कणसाला पाच ते बारा दाणे, प्रत्येक दाणा दगडासारख्या कवचात बंद. पिकलं की कणीस आपोआप सुटतं आणि दाणे मातीत विखुरतात. गिला नाकित्झची कणसं मात्र सुटत नाहीत. दाणे चिकटून राहतात, कुणीतरी सोलून पेरावे लागतात. म्हणजे सव्वासहा हजार वर्षांपूर्वी हे झाड माणसाशिवाय जगू शकत नव्हतं. एवढा बदल एका हंगामात होत नाही. सुरुवात त्याच्या बरीच आधीची असणार.

किती आधीची, याचा अंदाज जनुकांनी दिला. २००२ मध्ये मात्सुओका, जॉन डोब्ली आणि सहकाऱ्यांनी शेकडो झाडं तपासून सांगितलं की जगातला सगळा मका एकाच वेळच्या माणसाळवण्यातून आला. त्याचे सर्वांत जवळचे रानटी नातेवाईक नैर्ऋत्य मेक्सिकोत बाल्सास नदीच्या खोऱ्यात आहेत आणि फारकत सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची. मग पुरातत्त्ववाले बाल्सासला गेले. पण तिथं पाऊस, दमट हवा, कणीस कुजून जातं. गेरेरो राज्यातल्या शिवातोश्तला या शैलाश्रयात (खडकाच्या आडोशाच्या कपारीत) पिपर्नो आणि अँथनी रानेर यांच्या गटाला कणीस मिळालंच नाही. मिळाले पाटे-वरवंटे. त्यांच्या खाचांत अडकलेले मक्याचे पिष्टकण (स्टार्चचे कण) आणि झाडाच्या पेशीत साचून राहिलेले गारगोटीचे सूक्ष्म कण, म्हणजे सिलिकाकण. थराचा काळ ८,७०० वर्षं. हे २००९ मध्ये छापून आलं.

तिसरा साक्षीदार माणसाची हाडं. मका सुरुवातीला कोण किती खात होतं, हे हाडं सांगतात आणि तो आकडा आणखी अलीकडचा आहे. त्यावर नंतर लिहितो, कुकर लावलाय.

माझं म्हणणं एवढंच की 'सर्वांत जुना मका' असं कुणी म्हटलं की आधी विचारायचं, मोजलं काय?

---

निवांत पारावर

लेख आवडला. पण पाट्यावरची धूळ म्हणजे जरा अतीच होतंय. आमच्या घरच्या पाट्यावर पंचवीस वर्षांत काय काय वाटलं गेलं ते आजीलाही सांगता येणार नाही. वरच्या थरातली धूळ पावसाबरोबर खाली झिरपली नसेल कशावरून? आणि पिष्टकण मक्याचा की टेओसिंटेचा, हे कसं ओळखणार?

---

खापरखुणा

@निवांत, शंका रास्त आहे, त्या लोकांनीही हीच घेतली होती.

झिरपण्याचं : दगडाच्या खोल खाचांतला नमुना वेगळा घेतात आणि आजूबाजूच्या मातीचा वेगळा. मातीत नगण्य आणि खाचेत भरपूर असेल तर ते वाटलेलंच धान्य.

ओळखण्याचं : मक्याचा पिष्टकण सरासरीनं मोठा असतो, आकारही वेगळा. पण एका कणावर कुणी विसंबत नाही, ढिगानं मोजतात. खरी पकड सिलिकाकणांत आहे. टेओसिंटेचं ते दगडी कवच कडक असतं कारण त्यात सिलिका आणि लिग्निन ठासलेलं असतं. मक्यात एका जनुकातल्या बदलामुळे (त्याला टीजीए-१ म्हणतात) कवच आखडलं, मऊ झालं आणि दाणा उघडा पडला. त्याबरोबर सिलिकाकणांचा घाटही बदलला. म्हणजे कणीस कुजून गेलं तरी कवच मऊ झालं होतं की नव्हतं, याची नोंद मातीत राहते. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

एक मात्र कबूल. शिवातोश्तलाचा काळ त्या थरातल्या कोळशावरून काढलेला आहे, मक्याच्या कणावरून नाही. गिला नाकित्झचा थेट कणसावरून. दोन्हींचं वजन सारखं धरू नये.

---

कोरडवाहू

सिल्लोडकडून राम राम. आमच्याकडं कापसाच्या खालोखाल मकाच, त्यामुळं धागा उघडलाच.

एक गोष्ट सांगतो. मक्याच्या बिट्टीवरच्या ओळी कायम समच असतात. १२, १४, १६. आमचे वडील पैज लावायचे पाहुण्यांशी, विषम दाखवा आणि शंभर रुपये घ्या. मेक्सिकोच्या त्या कणसावर दोन आणि चार वाचलं आणि वडील आठवले.

पण मला कळत नाही, दगडासारखं कवच असलेलं गवत खायचं सुचलं कुणाला? दहा-बारा दाण्यांसाठी एवढा खटाटोप? माझा अंदाज वेगळा आहे. आम्ही पोरं असताना शेतात ज्वारीचं, मक्याचं कोवळं ताट उसासारखं चघळायचो. तसंच काहीसं झालं असेल. आधी ताट गोड म्हणून तोडलं, दाणा नंतर.

(२०१८ पासून लष्करी अळीनं नाकी नऊ आणलेत, ती पण तिकडचीच, अमेरिका खंडातली. मका आला आणि पाचशे वर्षांनी त्याचं बिऱ्हाड आलं.)

---

जात्यावरची

@कोरडवाहूदादा, तुमचा अंदाज शास्त्रात मांडलेला आहे, हवेतला नाही! ह्यू इल्टिस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांनी ताटाच्या साखरेची बाजू लावून धरली. पुढे इतरांनीही तिला दुजोरा दिला, की आधी रस, त्याची आंबवलेली दारू आणि दाणा मागाहून. पण शिवातोश्तलात या मताला धक्का बसला. तिथं कणसातले सिलिकाकण मिळाले, ताटातले जवळपास नाहीत. निदान त्या कपारीत तरी लोक दाण्याच्याच मागे होते.

आणि कवचाचं कोडं सोडवलं जॉर्ज बीडल यांनी. १९५८ चे नोबेलवाले. १९३९ मध्ये त्यांनी टेओसिंटेचे दाणे तापवून बघितले. फटाफट लाह्या फुटल्या! कवच फोडून मक्याच्या लाहीसारखीच लाही बाहेर. विस्तवात गवत पडलं असेल, लाही उडाली असेल, कुणीतरी उचलून तोंडात टाकली असेल, असं त्यांचं म्हणणं. ज्वारीच्या लाह्या भाजणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

बीडल यांचं हार्वर्डच्या पॉल मँगल्सडॉर्फ यांच्याशी वर्षानुवर्षं वाजलं. मँगल्सडॉर्फ म्हणत, मक्याचा पूर्वज हा रानटी मकाच होता, तो आता नामशेष झालाय आणि टेओसिंटे हा नंतरचा संकर. बीडल म्हणत, टेओसिंटे हाच बाप. निवृत्तीनंतर त्यांनी पुन्हा हात घातला. मका आणि टेओसिंटे यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सुमारे ५०,००० झाडं लावली आणि मोजली. दर पाचशेंत साधारण एक झाड हुबेहूब मक्यासारखं, एक हुबेहूब टेओसिंटेसारखं. गणित सोपं आहे. चार जनुकांचा फरक असेल तर २५६ त एक, पाच जनुकांचा असेल तर १,०२४ त एक. पाचशे मधे बसतात. म्हणजे एवढं वेगळं दिसणारं रूप मुख्यतः चार-पाच जागांवरच्या बदलांनी घडलं. पुढे डोब्ली यांनी त्यांतल्या जागा शोधून काढल्या. वर आलेला टीजीए-१ त्यांतलाच, आणि फांद्यांचा फुटवा दाबून एकच सरळ ताट करणारा टीबी-१.

---

आकडेमोड

वाचतोय. पण माझ्याकडच्या एका जुन्या पुस्तकात तेवाकान खोऱ्यातला मका ७,००० वर्षांचा म्हणून छापलाय. नवीन लेखात त्याच मक्याला साडेपाच हजार. मका तरुण होतोय की काय?

---

खापरखुणा

हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

रिचर्ड मॅकनीश यांनी साठच्या दशकात मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातल्या तेवाकान खोऱ्यात कोश्काटलान, सान मार्कोस वगैरे गुहा खणल्या. मक्याचे नमुने निघाले २४ हजारांवर. त्या काळी कार्बन-१४ साठी बराच माल जाळावा लागे. इंचभर कणीस जाळलं तर उरणार काय? म्हणून त्याच थरातल्या कोळशाचा काळ काढला आणि कणसाला चिकटवला. आला सात हजार. पण गुहेत उंदीर असतात, बिळं असतात, माणसं खड्डे खणतात. कणीस खालच्या थरात घसरतं, जुना कोळसा वर येतो.

पुढे अ‍ॅक्सिलरेटरची पद्धत आली, चिमूटभर नमुना पुरू लागला. १९८९ मध्ये ऑस्टिन लाँग आणि सहकाऱ्यांनी थेट कणसंच तपासली. सर्वांत जुनं निघालं ४,७०० 'कार्बन-वर्षां'चं. आता दुसरी गोम. कार्बन-वर्ष आणि कॅलेंडर-वर्ष एक नाही, झाडांच्या वलयांशी ताडून दुरुस्ती करावी लागते. ती केली की ४,७०० चे साधारण साडेपाच हजार होतात. जुनी पुस्तकं चाळताना आकड्याला दुरुस्ती लागलेली आहे का, हे आधी बघा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

---

अँडीजची वाट

खापरखुणा, लेख छान, पण तुमची एक चूक काढतो, राग मानू नका. 'दोघंही बरोबर' म्हणालात, पण तो दुसरा सदस्य चुकला. सर्वांत जुनं कणीस मेक्सिकोतलं नाही, पेरूतलं आहे. उत्तर किनाऱ्यावर पारेदोनेस आणि वाका प्रिएता हे दोन ढिगारे आहेत. तिथली कणसं सुमारे ६,७०० वर्षांपर्यंत मागे जातात. २०१२ मध्ये पहिली बातमी आली आणि २०२२ मध्ये थेट कणसांच्या काळासह जनुकांचा अभ्यास आला.

---

खापरखुणा

मान्य. मेक्सिकोच्या नादात किनारा विसरलो. वर बदल करत नाही, चूक दिसू दे.

हे उलट जास्तच मजेशीर आहे. जन्म बाल्सासच्या खोऱ्यात आणि जपून राहिलेलं सर्वांत जुनं कणीस हजारो किलोमीटर दक्षिणेला, कारण पेरूचा किनारा वाळवंट आहे. जिथं वस्तू टिकते तिथं ती जन्मली असं नव्हे.

---

जात्यावरची

आणि त्या पेरूच्या कणसांच्या जनुकांत डोंगरी टेओसिंटेचा अंश सापडत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. आजच्या जवळजवळ सगळ्या मक्यात तो आहे. २०२३ चा एक मोठा अभ्यास सांगतो की मूळ माणसाळवण्यानंतर तब्बल चार हजार वर्षांनी मेक्सिकोच्या उंच पठारावरच्या दुसऱ्या जातीच्या टेओसिंटेशी मक्याचा संकर झाला, आणि आजच्या मक्याचा साधारण पाचवा हिस्सा तिकडून आलाय. पेरूला गेलेला मका त्याआधीच घर सोडून निघालेला.

---

वऱ्हाडी ठेचा

सारे मेक्सिकोतच रमले बाप्पा. आमच्या कौंडिण्यपूरचं कोणी नाव घेत नाही! रुक्मिणीचं माहेर, अमरावती जिल्हा, वर्धेच्या काठी. डॉ. मोरेश्वर दीक्षितांच्या उत्खननात तिथल्या खापरावर मक्याचे ठसे मिळाले, विष्णू-मित्रे यांनी १९६६ मध्ये छापलं, आणि काळ सांगितला पंधराव्या शतकाचा, म्हणजे कोलंबसाच्या आधीचा. शिवाय कर्नाटकात सोमनाथपूरच्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हातात कणसं आहेत, तेराव्या शतकात. मग मका आपल्याकडे आधीपासून होता असं म्हणायला काय हरकत आहे?

---

खापरखुणा

@ठेचा, कौंडिण्यपूर तुम्ही आणलंत याचा मनापासून आनंद आहे, नाव घ्यायला मीच कचरत होतो. आता तोच प्रश्न : मोजलं काय?

ठसा म्हणजे ओल्या मातीवर उमटलेला आकार. त्यात मक्याचा कार्बन शिल्लक नाही. म्हणजे काळ मक्याचा नाही, थराचा. आणि पंधरावं शतक म्हणजे कोलंबसापासून जेमतेम पाऊण शतक मागे. तेवाकानला थरानं दीड हजार वर्षांचा घोळ केला, इथं पाऊणशे वर्षांचा करायला एक खड्डा पुरतो. सोडवायचा मार्ग आहे. खापर भट्टीतून निघाल्यापासून किती काळ लोटला हे खापरालाच विचारता येतं, उष्मादीप्तीनं (खापर पुन्हा तापवलं की निघणाऱ्या प्रकाशावरून). तोवर 'सिद्ध झालं' म्हणू नये, आणि 'खोटं आहे' असंही नाही.

सोमनाथपूरचं मात्र मला पटत नाही. कार्ल जोहानेसन आणि अ‍ॅन पार्कर यांनी १९८९ मध्ये ते मांडलं, १९९३ मध्ये पायक आणि सचन यांनी खोडलं. त्यांच्या मते ती मोत्यांनी मढवलेली अलंकारिक फळं आहेत.

---

जात्यावरची

मूर्तीच्या हातात दाणेदार फळ दिसलं की कणीसच म्हणायचं, तर आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातल्या म्हाळुंगाचं काय करणार? म्हाळुंग, डाळिंब ही फळं मूर्तिशास्त्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

शिवाय एवढं पीक शेतात असतं तर मागे काहीतरी उरलं असतं. परागकण, जळालेले दाणे, एखादं नाव. मक्याचे परागकण गवतांत आकारानं सर्वांत मोठ्यांपैकी, नजरेतून सुटणं कठीण. मेक्सिकोत ताबास्कोच्या किनाऱ्यावर सान आंद्रेसला नुसत्या परागकणांवरून ७,३०० वर्षांपूर्वीची लागवड ओळखली.

---

निवांत पारावर

पण मग हाडं आहेत ना? आपल्याकडची मध्ययुगीन हाडं तपासा, मका खाल्ला की नाही ते कळेल. खापरखुणांनी हाडांचं 'नंतर लिहितो' म्हणून कुकर लावला तो अजून उतरला नाही.

---

खापरखुणा

उतरला, जेवण झालं, भांडीही झाली.

हाडांचं असं. मका हवेतला कार्बन ज्या पद्धतीनं घेतो तिला सी-४ म्हणतात. कडधान्यं, कंदमुळं, बहुतेक झाडं सी-३. दोन्हींत कार्बनच्या जड समस्थानिकाचं (थोड्या जड अणूंचं) प्रमाण वेगळं, आणि आपण जे खातो ते हाडात उतरतं. मेक्सिकोच्या आसपास पोटभरीचं दुसरं सी-४ पीक जवळपास नव्हतंच, म्हणून हाडातला सी-४ म्हणजे बहुतांशी मका. (राजगिरा सी-४ आहे हो, आणि तिकडचाच. निवडुंगानंही जरा गोंधळ होतो. पण पोटाला आधार म्हणून मक्याशी बरोबरी नाही.)

आपल्याकडं हीच पद्धत लुळी पडते. ज्वारी सी-४, बाजरी सी-४, नाचणी सी-४. कौंडिण्यपूरच्या माणसाचं हाड सांगेल की यानं भाकरी खाल्ली. कशाची, ते सांगणार नाही.

आता मूळ गोष्ट. बेलिझच्या डोंगरांत दोन शैलाश्रय आहेत, लोक तिथं हजारो वर्षं आपली माणसं पुरत आले. डग्लस केनेट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ५२ सांगाड्यांचा अभ्यास २०२० मध्ये छापला. ४,७०० वर्षांपूर्वीपर्यंतच्या हाडांत मका जवळपास नाही. पुढच्या सात शतकांत आहाराच्या तीस टक्क्यांच्या आसपास. ४,००० वर्षांपूर्वीपासून सत्तर टक्क्यांच्या वर. होंडुरासच्या एल हिगांते गुहेतली भरघोस कणसं साधारण ४,३०० वर्षांपूर्वीची, म्हणजे जुळतं.

म्हणजे पाट्यावरच्या त्या धुळीपासून रोजच्या जेवणापर्यंत साडेचार हजारांवर वर्षं गेली. एवढा काळ मका होता, पेरला जात होता, पण रोजचं जेवण नव्हता. परसातलं, चवीचं, कदाचित सणाचं पीक. 'शेती सुरू झाली आणि माणूस बदलला' हे वाक्य शाळेत घोकलेलं, त्यात ही साडेचार हजार वर्षं कुठं बसवायची, मला अजून जमलेलं नाही.

---

टक्सनची उन्हं

धागा आज वाचला. मी ॲरिझोनात टक्सनला राहते. इथं मका चार हजार वर्षांपूर्वीच पोचला होता. शहराजवळ लास कापास नावाच्या जागी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे पाट आणि वाफे निघाले. आपल्याकडं फडाला पाणी धरतात तसे, मातीचे छोटे बांध घालून केलेले. काही वर्षांपूर्वी रस्त्याचं काम चालू असताना आणखी एक शेत मिळालं, अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीचं. पुराच्या गाळानं झाकलेलं, आणि त्यात पावलं उमटलेली. मोठ्या माणसांची, मुलांची, एका कुत्र्याची.

ते वाचलं तेव्हा मला सांगलीकडचं आमचं शेत आठवलं. दारं धरायला गेलेला काका आणि मागे लुडबुडणारे आम्ही.

---

आकडेमोड

टक्सनताई, हा प्रतिसाद आवडला. +१

जाता जाता, तिकडं मका चुन्याच्या निवळीत शिजवून घेतात ना? त्याचा काही संबंध आहे का मुख्य अन्न होण्याशी?

---

जात्यावरची

संबंध आहे. मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व दाण्यात असं बांधलेलं असतं की पोटाला लागत नाही. चुन्यानं ते सुटं होतं, साल निघते, पीठ मळायला येतं. युरोपनं मका नेला, ही रीत नेली नाही. मग उत्तर इटलीत मक्यावरच गुजराण करणारी गरीब माणसं पेलाग्रानं, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगानं मेली. बी नेलं आणि पाककृती विसरले.

---

कोरडवाहू

बराच वेळ गायब होतो, मळणी चालू होती. धागा वाचून आज मुद्दाम पन्नास बिट्ट्यांच्या ओळी मोजल्या, पोराला लिहायला बसवलं. १४ च्या सर्वांत जास्त, मग १६, थोड्या १२ च्या. एक बिट्टी १५ ची निघाली तशी पोरानं उडीच मारली, शंभर रुपये मागायला लागला. चष्मा लावून पुन्हा मोजली. शेंड्याकडं एक ओळ दबलेली होती. १६.